बंदर गेलं, बाजार राहिला!
पनवेलच्या जुन्या पेठेत एक फेरफटका

दोस्तांनो, पनवेल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कुणाला हार्बर लाइनचं शेवटचं स्टेशन आठवेल, तर कुणाला मे महिन्यात कोकणात जाताना लागणारा गजबजलेला एसटी स्टँड. थोडक्यात काय, पनवेल म्हणजे वाटेत लागणारं गाव! गाडी थांबते, आपण पाणी पितो आणि पुढे निघतो.

तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. पनवेल कित्येक वर्षं वाटेतलंच गाव आहे, आणि म्हणून तर तिथे एवढा मोठा बाजार भरला. तेव्हा आज आपण पुढे जायचं नाही. स्टेशनच्या एका बाजूला सिडकोनं वसवलेलं नवीन पनवेल आहे आणि दुसऱ्या बाजूला जुनं. त्या जुन्या पनवेलच्या गल्ल्यांमधून आपण चालत फिरायचं. पायात मजबूत चपला घाला, हातात एक कापडी पिशवी घ्या. चला!

पाट्या वाचा पाट्या

जुन्या पनवेलमध्ये शिरलात की आधी दुकानांवरच्या पाट्या वाचा. दुकानाच्या नावापेक्षा खालचा पत्ता जास्त मजेचा आहे. मिरची गल्ली, भुसार मोहल्ला, कापड बाजार, लोखंडी पाडा, लाईन आळी, प्रभू आळी, कच्छी मोहल्ला, टपाल नाका, उरण नाका, बंदर रोड... एखाद्या वाण्याची यादी वाचतोय असं वाटतं की नाही?

यातले गल्ली, आळी, मोहल्ला, पाडा हे सगळे वस्तीसाठीचेच शब्द. आळी म्हणजे घरांची ओळ. बहुतेक वेळा तिथे एकाच धंद्याची किंवा एकाच समाजाची माणसं शेजारी शेजारी राहत. मोहल्ला हा अरबीतून आलेला शब्द. पाडा म्हणजे छोटी वस्ती. आणि नाका म्हणजे जिथून रस्ता गावाबाहेर पडतो ते ठिकाण. पूर्वी अशा जागी जकात घेत. उरण नाक्यावरून उरणचा रस्ता धरायचा, ठाणा नाक्यावरून ठाण्याचा. एवढे वेगवेगळे शब्द एकाच गावात दिसले, की समजावं की इथे चहूकडून माणसं आली आहेत.

पण या यादीत एक नाव कोड्यात टाकतं. बंदर रोड! पनवेलला बंदर कुठे आहे? आज इथे ना जहाज दिसतं, ना शीड.

पाणी संपतं तिथे

हे कोडं सोडवायला नकाशा उघडा. मुंबई बेटाच्या पूर्वेला समुद्राचा एक फाटा जमिनीत घुसलेला दिसेल. घारापुरीच्या लेण्यांवरून पुढे येत येत तो पनवेलपर्यंत पोचतो. ही पनवेलची खाडी. माथेरानच्या डोंगरात उगम पावलेली गाढी नदी इथेच तिला मिळते. २६ जुलै २००५ च्या महापुरात याच गाढीचं पाणी जुन्या पनवेलमध्ये शिरलं होतं.

आता नकाशावर पूर्वेकडे पाहा. चौक, खोपोली आणि मग सह्याद्रीची भिंत. तिच्यातला बोरघाट चढून गेलं की खंडाळा, लोणावळा आणि पुणे. म्हणजे मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस पनवेलपर्यंत पाण्यातून यायचा आणि पनवेलला जमिनीवर उतरायचा. पाणी संपलं, घाटाची वाट सुरू झाली! अशा ठिकाणी काय होतं सांगा बरं? माल होडीतून उतरवावा लागतो, मोजावा लागतो, कुठेतरी साठवावा लागतो आणि बैलांवर लादावा लागतो. उतरवायला हमाल हवेत, मोजायला मापाडी हवा, ठेवायला वखार हवी, बैलांना चारा हवा आणि माणसांना जेवण हवं. झाला बाजार सुरू!

ही वाट फक्त व्यापाऱ्यांची नव्हती. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात पुण्यावर चालून निघालेली इंग्रजांची फौज १७७८ च्या अखेरीला मुंबईहून पनवेललाच उतरली आणि बोरघाट चढली. पुढे वडगावला मराठ्यांनी तिला कोंडीत पकडलं आणि जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांना वडगावचा तह करावा लागला. इतिहासाच्या पुस्तकात वडगाव असतं, पण त्या मोहिमेची पहिली पायरी पनवेल होती, हे लक्षात ठेवा.

आणि या बाजाराचं घड्याळ कोणतं होतं, ठाऊक आहे? भरती-ओहोटी! ओहोटीला खाडीत चिखल उघडा पडतो, तिथे जड पडाव चालणार कसा? भरती आली की पडाव आणि मचवे वर यायचे. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं. म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकते. आज सकाळी सातला भरती असेल, तर उद्या पावणेआठच्या सुमारास. त्यामुळे हमालांची झोपही चंद्र ठरवत असे म्हणा ना!

चाकांचं गाव

१८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. त्याआधी घाटातला माल बैलांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून जायचा. आता बैलगाड्या थेट देशावरून पनवेलपर्यंत येऊ लागल्या. येताना कापूस, धान्य. परत जाताना मीठ, तांदूळ, सुकी मासळी आणि मुंबईचा माल.

घाटाच्या उतारावर आणि दगडधोंड्यांत गाडीचं सगळ्यात आधी काय मोडत असेल? चाक! आणि बघा, इंग्रजी अमदानीतल्या सरकारी गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून चक्क गाडीची चाकं बनवणं नोंदवलेलं आहे. देशावरच्या गाड्यांना इथली चाकं लागत.

चाक बनवणं हे सुताराचं आणि लोहाराचं मिळून काम. मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, त्याभोवतीचे लाकडी पुठ्ठे हे सगळं सुतार करणार. त्यावर लोखंडी पट्टीची गोल धाव चढवणार लोहार. गंमत अशी, की ही धाव चाकापेक्षा मुद्दाम किंचित लहान करतात. मग ती चाकावर चढते कशी? तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात उत्तर आहे. धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायची. तापली की ती प्रसरण पावते. तशीच सांडशीनं उचलून चाकावर बसवायची आणि वरून भसाभस पाणी ओतायचं. चुर्रर्र! धाव आकसते आणि सगळे आरे-पुठ्ठे करकचून आवळून धरते. ना खिळा, ना डिंक!

मापटं, पायली आणि आगोट

आता भुसार मोहल्ल्याकडे वळू. भुसार म्हणजे धान्य. पनवेलच्या आसपास खाचरांमधून भात पिकायचं, खाडीकाठी मिठागरं होती. तांदूळ, वाल, मीठ सगळं इथे मापानं विकलं जायचं. आजीला विचारलंत तर ती ही मापं घडाघडा सांगेल : दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक माप आधीच्या मापाच्या दुप्पट! मग एका पायलीत चिपटी किती? करा तोंडी गणित. (उत्तर : सोळा.) मापं गावागावांत थोडी लहानमोठी असायची, त्यावरून भांडणंही व्हायची. पुढे १९५६ च्या कायद्यानं देशभर मेट्रिक पद्धत आणायचं ठरलं आणि हळूहळू किलो-लिटर आले. पायली बाजारातून गेली, तरी कितीतरी घरांतल्या कणगीजवळ ती अजून असते.

मिरची गल्लीत आता सगळीच दुकानं काही मिरचीची नाहीत. पण इथे मिरची एवढी मोठी का झाली, ते समजून घ्यायचं तर 'आगोट' हा शब्द माहीत हवा. रायगडातल्या आगरी-कोळी घरांमध्ये पावसाळ्याआधीच्या साठवणीला आगोट म्हणतात. पावसाळ्यात समुद्र खवळतो, मासेमारी बंद होते. पूर्वी तर होड्याही बंद आणि वाटाही चिखलात. म्हणून मे महिन्यातच चार महिन्यांची बेगमी करायची. बेडगी, संकेश्वरी, लवंगी मिरच्या आणायच्या, उन्हात कडकडीत वाळवायच्या, धणे-दगडफुलासकट कुटून वर्षाचा मसाला बरणीत भरायचा. जोडीला सुकी मासळी : बोंबील, जवळा, वाकटी, सोडे. मे महिन्यात बाजारात गेलात तर नाकालाच कळेल की आगोट आली!

आणि हो, मिरची आपल्याकडची नाही बरं का. ती मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरली. म्हणजे पनवेलच्या वाटाण्याच्या उसळीतला झणझणीतपणासुद्धा बंदरातूनच आलेला!

सगळ्यांचा बाजार

बंदरातून माल येतो तशी माणसंही येतात. कच्छी मोहल्ला हे नाव सांगतंय की कच्छच्या लोकांचं या गावाशी नातं आहे. जुन्या पनवेलमध्ये 'बेथ एल' नावाचं ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे, ते १८४९ चं. इथले ज्यू म्हणजे बेने इस्रायल समाज. घरात मराठी बोलणारी ही मंडळी कोकणात तेलाच्या घाण्या चालवायची. शनिवार त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस, त्या दिवशी घाणी बंद. म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. यातले पुष्कळ जण पुढे इस्रायलला गेले. पण पनवेलच्या एका तळ्याला आजही इस्रायल तलाव म्हणतात.

गाव इतकं भरभराटलं की १८५२ साली इथे नगरपालिका आली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या नगरपालिकांपैकी ही एक. (२०१६ मध्ये तिची महानगरपालिका झाली.) १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी इथे आयुर्वेदिक औषधांचा कारखाना काढला, तोच 'धूतपापेश्वर'. पाठीशी हिरडा-बेहड्याचा सह्याद्री आणि पुढ्यात मुंबईची वाट. औषधांच्या कारखान्याला आणखी काय हवं?

आणि मग आगगाडी आली...

१८५३ साली मुंबई ते ठाणे आगगाडी धावली, हे तुम्हाला पाठ आहे. ती वाट पुढे कल्याण, कर्जतकडे सरकली आणि १८६३ साली बोरघाट चढून पुण्याला जोडली गेली. पनवेलला वगळून! आता पुण्याचा कापूस पडावात कशाला चढेल? मुंबईचा माल बैलगाडीत कशाला बसेल? पनवेलला स्वतःची रेल्वे मिळायला त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं लागली. आणि लोकल यायला १९९८ साल उजाडलं.

खरं म्हणजे १८६३ नंतर हा बाजार बसायला हवा होता. जगात अशी कितीतरी बंदरं आहेत, की वाट बदलली आणि गाव ओस पडलं. आपल्या कोकणातलंच चौल पाहा. एके काळी देशोदेशींची जहाजं तिथे यायची. आज तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत.

मग पनवेलचा बाजार का टिकला?

कारण त्याला दोन दारं होती. एक पुण्या-मुंबईच्या प्रवाशांचं. ते अर्धं मिटलं. दुसरं दार आसपासच्या गावांचं. नेरं, मालडुंगे, धोधाणी, उरणची वाट, खाडीकाठचे कोळीवाडे. या गावांना बी-बियाणं, लुगडी, कोयते, मीठमिरची कुठून घ्यायची? पनवेलहून. आपला भाजीपाला, वाल, मासळी कुठे विकायची? पनवेललाच! लांबचं गिऱ्हाईक सोडून गेलं, पण रोजचं गिऱ्हाईक सोडून गेलं नाही.

टोपलीतलं जंगल

हे रोजचं गिऱ्हाईक तुम्हाला भेटायचं असेल तर मोठ्या दुकानांत शिरू नका. सकाळी लवकर जा आणि रस्त्याच्या कडेला बसलेल्या बायकांच्या टोपल्या पाहा. माथेरान आणि प्रबळगडाच्या पायथ्याच्या वाड्यांतून ठाकर आणि कातकरी बायका रानातला मेवा घेऊन उतरतात. या टोपल्या म्हणजे ऋतूंचं कॅलेंडरच. मे महिन्यात करवंदं आणि जांभळं. पहिला पाऊस पडला की शेवळं. मग टाकळा, कुरडू, फोडशी आणि काटेरी गोल करटोली. थंडीत वालाच्या शेंगा आणि त्यांच्यासोबत भांबुर्ड्याचा पाला, कारण थंडी म्हणजे शेतात मडकं उपडं घालून शेकलेली पोपटी!

यातली शेवळं नुसती शिजवून खाल्लीत तर घसा असा खाजेल की विचारू नका. त्यात काकडं नावाची आंबट फळं घालावी लागतात. म्हणून मावशी शेवळांच्या जुडीबरोबर काकडंही ठेवतात. कशाबरोबर काय घालायचं, किती उकळायचं, हे त्यांना विचारा. त्या हसतील, पण सांगतील. हे कुठल्याही पाकिटावर छापलेलं नसतं. भाजीबरोबर ती विकायची रीत, निवडायची रीत आणि शिजवायची रीत बाजारात येते. टोपली आली नाही तर तिन्ही जातील.

आणि ती टोपली आता धोक्यात आहे. १९८९ साली जवळच न्हावा-शेव्याला मोठं बंदर सुरू झालं. २००२ मध्ये पुण्याचा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. २०२५ च्या अखेरीला नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली. यात वाईट काही नाही. तुमच्यातल्या कित्येकांच्या आई-बाबांना तिथे कामं मिळाली आहेत आणि तुम्हालाही मिळतील. पण गंमत पाहा. १८६३ ला लांबचं दार मिटलं, ते आता पुन्हा उघडलंय, तेही थेट जगाकडे. आता प्रश्न आहे तो दुसऱ्या दाराचा. भाताच्या खाचरांत इमारती उभ्या राहताहेत. खाचर गेलं की बांधावरचा वाल जातो, रान तुटलं की शेवळं जातात. शिवाय रस्ते अरुंद, मोटारी फार. रस्त्याकडेला बसणाऱ्या मावशींना रोज 'सरका, सरका' ऐकावं लागतं. चालणाऱ्यालाही वाट हवी, हे खरंच. पण ज्यांच्यामुळे बाजार टिकला, त्यांना बसायला सावलीची चार हात जागा मिळायला नको का? तुम्ही मोठे होऊन नगरसेवक किंवा इंजिनिअर झालात, तर हा प्रश्न तुम्हालाच सोडवायचा आहे.

हे करून पाहा

१. जुन्या पनवेलमध्ये पाट्यांवरून दहा गल्ल्या-आळ्यांची नावं टिपा. त्या नावाचा धंदा तिथे आज चालतो का, तेही लिहा.

२. बाजाराचा हातानं नकाशा काढा. नाके लाल रंगानं दाखवा आणि प्रत्येक नाक्यावरून रस्ता कुठे जातो, ते बाण काढून लिहा.

३. टोपलीवाल्या मावशींना त्यांचं गाव विचारा. किती वाजता निघाल्या, कशानं आल्या, तेही विचारा. फोटो काढण्याआधी परवानगी घ्या. आणि नुसते प्रश्न विचारून पळू नका, एक जुडी विकत घ्या!

४. घरातली एखादी जुनी पायली किंवा मापटं शोधा. त्यात तांदूळ भरून काट्यावर तोला. मग वाल भरून तोला. दोन्हींचं वजन सारखं येतं का? का येत नाही?

५. वर्षभर महिन्यातून एकदा त्याच जागी जा आणि टोपल्यांत काय आहे ते लिहा. बारा महिन्यांनी तुमच्याकडे एक असं कॅलेंडर असेल, जे कुठल्याच दुकानात मिळत नाही.

तुम्ही पनवेलचे नसाल तरी हरकत नाही. पेण, महाड, कल्याण, वाई, पैठण... प्रत्येक जुन्या गावात अशी एखादी पेठ असतेच. आई-बाबांनो, येत्या रविवारी मुलांना मॉलऐवजी तिकडे न्या आणि लहानपणी तुम्ही तिथून काय आणायचात ते सांगा. मुलं 'कंटाळा आला' म्हणाली, तर त्यांच्या हातात गरमागरम भजी ठेवा. गाडी रुळावर येईल!

पनवेलचं बंदर आता उरलंय फक्त रस्त्याच्या नावात. शेवळं, वाल आणि सोडे मात्र अजून खऱ्या टोपल्यांत आहेत. ते कुठून येतात, कोण आणतं आणि कसे खातात, हे माहीत असणारी मुलं जोवर पिशवी घेऊन बाजारात जाताहेत, तोवर मावशींच्या टोपल्यांना गिऱ्हाईक राहील. मग, पिशवी घेतलीत ना?